प्रज्ञा वर्गातली एक जागा

स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तुमच्या त्या हुशार पोरांचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे." माझ्याकडे किस्से पुष्कळ. एकोणतीस वर्षं झाली कामतघरच्या या शाळेत गणित शिकवतेय, पण सांगण्यासारखे किस्से सगळे गेल्या सहा वर्षांतले, प्रज्ञा वर्गाचे. पोराचं नाव पटावरून कमी होतं, दाखला निघतो, पुढच्या वर्षी दुसरं पोर त्या बाकावर बसतं. किस्सा मात्र कुठे जात नाही. आधी आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली सांगता सांगता माझंच मध्ये कुठेतरी बिनसतं, तेव्हा थांबले तर पाणी द्या आणि गप्प बसा, एवढंच सांगून ठेवते.

प्रज्ञा वर्ग म्हणजे काय ते नव्या लोकांना माहीत नसेल. सहावी ते आठवीतली वेचलेली पोरं, शाळा भरायच्या आधी, सकाळी साडेसात ते नऊ. पुस्तकाच्या पुढचं गणित, विज्ञान आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न. प्रयोगशाळेतली सात बाकं, चौदा पोरं. आणि सगळा रोख एकाच गोष्टीवर. आठवीच्या शेवटी एक परीक्षा होते, तीत निवड झाली की पडघ्याच्या पुढे निवासी शाळा आहे, तिथे नववी ते बारावी. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच आणि सगळं फुकट. तालुक्यातून दोन पोरं घेतात. आमच्या पोरांना तेवढं एकच दार आहे. ते उघडलं तर कॉलेज, नाही उघडलं तर राहत्या खोलीच्या खाली कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालूच असतात.

*

पहिल्या वर्षी पोरं निवडायला आमच्या संस्थेने कुठूनतरी छापील चाचणी मागवली. चकचकीत कागद, चित्रं वगैरे. त्यात एक प्रश्न होता: सर्वांत शांत ठिकाण कोणते? पर्याय: वाचनालय, कारखाना, बाजार, बसस्थानक.

सूरज नावाच्या पोराने कारखान्यावर खूण केली. बाप यूपीचा, लूमवर. शाळा घराजवळ म्हणून पोरगा मराठी माध्यमात. बाकी पेपर बघाल तर एकदम स्वच्छ. मी त्याला बोलावलं. म्हटलं, "अरे, कारखाना शांत असतो होय?"

म्हणाला, "बाई, वाचनालय मी बघितलं नाय. पण कारखाना बंद होता है ना, तो घर में भी कोई बात नहीं करता. खाना भी चुपचाप. उतना शांत कुछ नहीं होता."

उत्तरसूचीत वाचनालय होतं. पोरगा एका मार्काने राहिला. मी आमच्या मुख्याध्यापकांकडे, चौधरी सरांकडे गेले. म्हटलं, सर, द्या तो मार्क. सर म्हणाले, "बाई, उत्तरसूची आपण बनवलेली नाही." मी म्हटलं, "पण प्रश्न आपणच विचारला ना त्याला?" सरांनी चहा ढवळायला घेतला. त्यात साखर नव्हती, सरांना डायबिटीस आहे.

सूरज पुढच्या वर्षी मामाकडे सुरतेला गेला. तिथेही लूमच आहेत म्हणे.

*

आता निकिता. सगळे हिचेच किस्से मागतात.

सातवीत होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवून दिलं आणि घाईत शेवटची वजाबाकी चुकवली. माझ्या लक्षातच आलं नाही. पन्नास पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. वह्या तपासायला घेतल्या, तर पन्नास वह्यांत माझी चूक जशीच्या तशी. त्यातल्या एका वहीत मात्र चुकीच्या खाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, बरोबर उत्तर लिहिलेलं. वहीवर नाव निकिता बाळाराम.

दुसऱ्या दिवशी उभी केली. "कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"बाई, तुम्ही रागावल्या असत्या."

"मी कशाला रागावेन?"

"आता रागावलाव ना."

वर्ग हसला आणि मी खरंच रागावले, कारण काय बोलावं ते मला सुचेना. त्याच आठवड्यात तिला प्रज्ञा वर्गात घेतली. चाळीस मिनिटांची चाचणी तिने सतरा मिनिटांत संपवली आणि उरलेला वेळ प्रश्नपत्रिकेतल्या छपाईच्या चुका शोधत बसली. सहा सापडल्या. मी घरी जाऊन मोजल्या, सहाच होत्या.

घर वज्रेश्वरीच्या बाजूचं, शेतीवाडीतलं. शेत वाटण्यांत एवढंएवढं झालं तशी ही माणसं कामतघरला आली. बाप बाळाराम लूम चालवतो. आई त्याच कारखान्यात कांडीवर. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी, ती मशीनवर सतत भरावी लागते. कांडी संपली की लूम थांबतो आणि लूम थांबला की शेठ ओरडतो, म्हणून कांडी भरणारं माणूस जागचं हलू शकत नाही. धाकटा भाऊ साहिल दोन वर्षं मागे, आमच्याच शाळेत. चौघं कारखान्याच्या वरच्या एका खोलीत.

निकिताला मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "तुला पडघ्याच्या पुढे जायचंय." तिने विचारलं, "तिथं आवाज येतो का लूमचा?" मी म्हटलं, नाही येत. "मग जाईन," म्हणाली.

*

आमचे सेक्रेटरीसाहेब. मनाने वाईट माणूस नाही, पण फोटोचा भारी सोस. एकदा ठरलं की प्रज्ञा वर्गातल्या गुणी पोरांना घडीचं अभ्यासाचं टेबल भेट द्यायचं. मागे बॅनर, बाजूला हार, समोर फोटोवाला. पहिलं नाव निकिताचं. तिने टेबल दोन्ही हातांनी धरलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मग आमचे शिपाई, शांताराममामा, पुढे झाले, टेबल तिच्या हातातून घेतलं आणि पडद्यामागून फिरून परत साहेबांच्या हातात आणून दिलं. दुसरं नाव. तेच टेबल. तिसरं नाव. तेच टेबल. सहा पोरं झाली, टेबल एक.

निकिताने कार्यक्रमानंतर सरळ साहेबांना गाठलं. "न्यायचं कधी?"

साहेब म्हणाले, "बाकीची येणारेत बेटा, ऑर्डर दिलीय. आली की सांगतो."

ते एक टेबल अजून साहेबांच्या केबिनमध्ये आहे. त्यावर प्रिंटर ठेवलाय. स्टाफरूममध्ये आम्ही यावर वर्षभर हसलो. कुणी काही मागितलं की शांताराममामा म्हणायचे, "धरा, फोटो काढा, परत द्या."

पुढे काही महिन्यांनी मी निकिताच्या घरी गेले, आई खोकतेय म्हणून बघायला. दहा बाय दहाची खोली. भांडी, गाद्या, पिंप, सगळं एकावर एक चढवलेलं, आणि खिडकीखाली मात्र हातभर जागा लख्ख रिकामी. मी म्हटलं, इथे काय असतं? आई म्हणाली, "काय न्हाय बाई. टेबल येणार हाय ना तिचं."

मला तिथे उभं राहवेना. मी चहासुद्धा घेतला नाही.

*

ठाण्याहून एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. विषय: हुशार मुलांवरचा ताण. बोलणं गोड, साडी सुरेख. पोरांना म्हणाल्या, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, तुमच्या आवडत्या जागी गेलात अशी कल्पना करा. पाच मिनिटांनी म्हणाल्या, आता हळूच डोळे उघडा.

एकानेही उघडले नाहीत. चौदाच्या चौदा पोरं गाढ झोपली होती. पाचला उठून पाणी भरून आलेली पोरं ती. एक तर घोरत होता.

मॅडमना काय आनंद झाला म्हणून सांगू. मला म्हणाल्या, "इतका खोल परिणाम मी आजपर्यंत कुठल्याच शाळेत पाहिला नाही." अहवालातही तसंच लिहून दिलंय त्यांनी. मी पोरांना उठवलं नाही. त्या दिवशीचं गणित बुडालं ते बुडालं.

*

ओठांचा किस्सा तुम्हाला माहितीये, पण या नव्या शिंदे बाईंना माहीत नाही, म्हणून सांगते.

लूमच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही. तिथे माणसं आवाज काढून घसा फोडत बसत नाहीत, नुसते ओठ हलवतात, समोरचा वाचतो. त्या खोल्यांतली पोरं हे बोलण्याच्या आधी शिकतात. निकिता तर तीस फुटांवरचं वाचायची. स्टाफरूमच्या काचेआडून आम्ही काय बोलतोय ते तिला मैदानातून कळायचं. हे मला समजलं तेव्हापासून मी काचेकडे पाठ करून बसते.

आठवीत सराव परीक्षा होती. सराव नावालाच, त्यातले मार्क निवडीत धरतात. बाहेरून एक पर्यवेक्षक आले. त्यांनी निकिताला आणि पुढच्या बाकावरच्या सुजाताला धरलं. दोघी एकमेकींकडे बघून ओठ हलवत होत्या. पर्यवेक्षकांनी निकिताच्या पेपरवर लाल पेनाने लिहिलं, कॉपी. निवडीचा विषय तिथेच संपला असता.

चौधरी सरांना बोलावलं. एरवी सर कुणाशी भांडत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "आवाज आला का तुम्हाला?"

"नाही."

"मग बोलल्या कशावरून?"

"ओठ हलत होते, सर."

"रामनाम घेत असतील."

पर्यवेक्षक ऐकेनात. शेवटी बाळारामला कारखान्यातून बोलावून आणलं. अंगावर सूत, कानाला थोडं कमी. सरांनी त्याला वर्गाच्या या टोकाला उभं केलं आणि पोरीला त्या टोकाला. म्हणाले, "निकिता, पेपर चालू असताना सुजाताला काय म्हणालीस ते बाबांना सांग. आवाज काढायचा नाही." निकिताचे ओठ हलले. बाळाराम लाजला. मग पर्यवेक्षकांना म्हणाला, "साहेब, ती बोलते, सुजाताच्या स्कर्टला मागं डाग पडलाय. उठू नको, तास संपल्यावर मी मागं चालते."

पर्यवेक्षकांनी कान लाल होईपर्यंत खाली बघितलं आणि पेपरवरचा शेरा खोडला. सुजाता मात्र त्या दिवसानंतर प्रज्ञा वर्गाला आली नाही. आम्ही एकीला वाचवायला दुसरीची लाज सगळ्यांसमोर काढली, हे माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली. दोनदा तिच्या घरी गेले. दोन्हीदा घरात असून बाहेर आली नाही.

*

निकाल लागला. तालुक्यातून दोन नावं, त्यात पहिलं निकिताचं. चौधरी सरांनी पेढे आणले आणि स्वतः दोन खाल्ले, डायबिटीस गेला खड्ड्यात. मी घरी येऊन देवासमोर बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू. एकोणतीस वर्षांत एवढं आनंदाने कधी रडले नव्हते.

जूनमध्ये निवासी शाळेत पोचवायचा दिवस ठरला. सकाळी आठला शाळेच्या फाटकाशी जीप येणार, मी आणि सर सोबत जाणार. पावणेआठला बाळाराम आला. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, तेल लावून चप्प बसवलेले केस, नवा शर्ट. पण शर्टात होता साहिल.

मी म्हटलं, "निकिता कुठंय?"

"ती कामाला लागली, बाई. आईच्या जागेवर." आईच्या छातीत दोष निघाला होता, सरकारी गोळ्या सुरू झाल्या होत्या, सहा महिने सुताच्या धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "कांडीवरची जागा सोडली तर शेठ दुसरी बाई लावल. म्हून निकिताला उभी केली."

"आणि हा?"

बाळारामने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "हा तिचा बदली. तिची जागा मोकळी पडू नये म्हून आणलाय."

मला काही कळेचना. शांताराममामांना कळलं. त्यांचे वडीलही लूमवरचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, कारखान्यात असंच असतं. माणूस आजारी पडला, गावाला गेला, तर घरातलाच कोणीतरी त्याच्या लूमवर उभा करायचा. बदली दिला की जागा शाबूत राहते. नाही दिला तर गेली. तो आपल्या परीने तुमची जागा सांभाळतोय."

सरांनी तिथल्या तिथे निवासी शाळेला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते सांगायला नको. जागा परीक्षेतल्या पोरीची. ती आली तर तिची, नाही तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाची. चार दिवसांची मुदत.

मी बाळारामवर ओरडले. फाटकात, सगळ्यांदेखत. म्हटलं, "हा काय लूम आहे का कुणीही येऊन उभं राहायला? तिचं डोकं आहे ते. ते याच्या मानेवर बसवणार आहात का?"

तो शांतपणे ऐकत होता. ऐकू किती आलं देव जाणे, पण ओठ त्याने नक्की वाचले. मग म्हणाला, "बाई, मला शाळेतलं कळत न्हाय. जागा एकदा गेली की परत मिळत न्हाय, येवढं कळतं. घरात दोन जागा हायत आन् उभं राहायला दोन पोरं. मी मांडून बघितलं. दुसरं कसं मांडू, तुम्ही सांगा."

मी गणिताची बाई. मला नाही मांडता आलं.

साहिलने तेवढ्यात विचारलं, "मग मी शर्ट काढू का?"

*

चार दिवस मी रोज कारखान्यात गेले. बाहेर चपला काढून आत गेलं की पायांच्या तळव्यांत हादरे येतात. निकिता मशीनपाशी उभी असायची. नळी लावायची, भरलेली काढायची, टोपलीत टाकायची, परत नळी. पहिल्या दिवशी मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, मी सेक्रेटरीसाहेबांशी बोलते, आईच्या जागी दुसरी बाई तात्पुरती बघते, तू चल. तिने नुसते ओठ हलवले. मला ओठ वाचता येत नाहीत. शेजारच्या लूमवरचा माणूस हसून मला म्हणाला, "बोल रही है, मॅडम, आप का साडी खराब होगा."

सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, एका घरात आपण किती शिरायचं?" शेठकडे गेले. त्याने खुर्ची दिली, थंड पाजलं आणि म्हणाला, सहा महिने जागा ठेवतो असं लिहून दिलं तर उद्या सगळेच लिहून मागतील. तिसऱ्या दिवशी एक बाई मिळाली, ती दोन तास उभी राहिली आणि निघून गेली. चौथा दिवस गेला.

जागा प्रतीक्षा यादीतल्या पोराला मिळाली. पडघ्याच्या बाजूचा कुणी मुलगा आहे. हुशारच असणार, त्याचा काय दोष. तरी मला त्याचा राग येतो.

*

आणि आमची शाळा. निकालाच्या आठवड्यात साहेबांनी फाटकाशेजारच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं: प्रज्ञा वर्गाचे यश, निवासी शाळेसाठी निवड, तालुक्यात प्रथम, कु. निकिता. अजून तसंच आहे. मी सरांना म्हटलं, पुसा ते. सर म्हणाले, "निवड झाली हे खोटं आहे का?"

खोटं नाही. सरांचं कधीच काही खोटं नसतं.

यंदा प्रवेशाच्या वेळी एक आई त्या भिंतीकडे बोट दाखवून शांताराममामांना विचारत होती, ही मुलगी आता कुठे असते? मामा म्हणाले, "इथंच. जवळच. पाच मिनिटांवर." त्या बाईने लगेच पोराचा फॉर्म भरला.

*

आता शेवटचा सांगते आणि डबा बंद करते. घंटा होईल.

साहिल यंदा सातवीत. जुलैत प्रज्ञा वर्गाची चाचणी त्याने दिली आणि पास झाला. बहिणीसारखा नाही, पण बरा आहे. पंधरा दिवस नियमित आला. मग एका सोमवारी सकाळी साडेसातला मी वर्गात शिरते, तर त्याच्या जागेवर निकिता. अंगात घरातला ड्रेस, वेणीत सुताचे पांढरे तंतू, हातात साहिलची वही.

मी विचारलं, "साहिल कुठंय?"

"तो न्हाय येणार, बाई. मी बसू?"

कळलं मला. पोरगा मैदानावर क्रिकेट खेळत असणार आणि वर्ग बुडू नये म्हणून घरच्यांनी हिला धाडलं असणार. बाकीची तेरा पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बस." हजेरी घेताना साहिलच्या नावापुढे हजर लिहिलं. एवढ्या नोकरीत पटावर खोटं लिहायची ती माझी पहिली वेळ.

मंगळवारी तीच आली. बुधवारी तीच. गुरुवारी मी नववीचं बीजगणित घेऊन गेले. पोरांना त्यांचं काम द्यायचे आणि तिच्या बाकावर जाऊन बसायचे. काय सांगू तुम्हाला. दोन महिने मशीनवर उभी राहिलेली पोरगी, पण डोकं जिथे सोडलं होतं तिथून पुढे निघालं. मी एक पायरी सांगायची, ती तीन पुढे गेलेली असायची. चौधरी सर खिडकीवरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. शांताराममामा मला न विचारता एक चहा जास्त आणायला लागले. तीन आठवडे असं चाललं. मी घरी गाणं गुणगुणायला लागले होते, माझी सूनच म्हणाली. मनात सगळं ठरवून टाकलं होतं. हिला बाहेरून दहावीला बसवायची, फॉर्म मी भरणार, नववीचं आत्ताच उरकून टाकू.

फक्त साहिलचं मनाला लागायचं. बहीण एवढी धडपडतेय आणि हा उंडारतोय. दिवसा शाळेत मी दिसले की दुसऱ्या जिन्याने सटकायचा. शेवटी परवा तिला म्हटलं, "तुझ्या भावाला निरोप दे. उद्या आला नाही तर मी स्वतः मैदानात जाऊन कान धरून आणणार आहे."

निकिता लिहीत होती. पेन्सिल थांबली.

"मैदानात न्हाय तो, बाई."

"मग कुठंय?"

"कांडीवर. माझ्या जागेवर उभा हाय."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुस्तकाचं पान उलटलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"पुढचं उदाहरण द्या ना, बाई. नऊला त्याला मोकळा करायचाय."